अरुंधतीची झेक

"झेकच का गं?" असं कुणी विचारलं की अरुंधतीच्या डोक्यात तिडीक जायची. आणि विचारायचे तर सगळेच. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायचा अवकाश, कुणीतरी विचारणारच. सासूबाई तर पुण्याहून आल्या की बॅग उघडायच्या आधी विचारायच्या, "राहतेस जर्मनीत, बोलतेस मराठी, मग हे मधलंच कुठलं काढलंस?"

काढलं कसलं, ते चिकटलंच. नवऱ्याबरोबर, हृषिकेशबरोबर, ती जर्मनीतल्या गार्चिंग गावी आली तेव्हा खालच्या मजल्यावर येलिंकोवा आजी राहायच्या. अडुसष्ट साली प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हा एका बॅगेनिशी पळून आलेल्या. जिन्यात त्यांच्याशी बोलता बोलता अरुंधतीला त्यांच्या भाषेचं वेड लागलं, ते थेट पीएच.डी.पर्यंत गेलं. आजींसारखी पळून आलेली म्हातारी माणसं जशी झेक बोलतात, तशी आता प्रागमध्येही फारशी ऐकू येत नाही. ती गेली की ते बोलणंही जाणार. ते टिपून ठेवायचं आणि त्यावर लिहायचं, हे अरुंधतीचं काम.

तिची तऱ्हाही न्यारी. समोर रेकॉर्डर ठेवून प्रश्न विचारले की म्हातारी माणसं शाळेत उभं केल्यासारखी शुद्ध बोलतात. म्हणून ही बाई त्यांच्या परवानगीने रेकॉर्डर फडताळावर ठेवायची, बाह्या सरसावायची आणि त्यांच्याकडच्या उकडलेल्या गोळ्यांचं पीठ मळायला घ्यायची. तेही मुद्दाम सैल. मग काय विचारता! "अगं ए, हे पीठ आहे की खळ?" म्हणत समोरची आजी जी सुटायची, ती अस्सल घरच्या झेकमध्येच. अशी बोलणी खाण्यात अरुंधतीची कितीतरी वर्षं मजेत गेली.

पण नोकरी कंत्राटावरची. एक दिवस विद्यापीठात विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, झेकचं कंत्राट वाढणार नाही. मात्र हिंदी शिकवायची जागा निघाली आहे, उनबेफ्रिस्टेट, म्हणजे कायमची. "आल्झो, म्हणजे बघा, तुम्ही तर तिकडच्याच. तुम्हाला सोपं जाईल."

घरी हृषिकेश उडालाच. "उनबेफ्रिस्टेट! अगं, लोक जीव टाकतात त्यासाठी. झेक कर की शनिवार-रविवारी."

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," नुकत्याच पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

अरुंधतीला भीती वाटत नव्हती असं नाही, चांगलीच वाटत होती. चाळिशी उलटल्यावर नोकरी घालवायची म्हणजे चेष्टा नव्हे. पण तिची म्हातारी माणसं शनिवार-रविवारची वाट बघत थांबणार होती थोडीच? त्या हिवाळ्यातच तिघं गेली होती. शिवाय ते "तिकडच्याच" तिच्या जिव्हारी लागलं होतं.

ती प्रमुखांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्याकडचा माणूस पुण्यात येऊन संस्कृत शिकला तर आम्ही त्याला शाल-श्रीफळ देतो. 'तू आपली तुझी जर्मनच शिकव' असं नाही सांगत. मग मलाच का सांगता?"

"पण हिंदी तर तुम्हाला..."

"येते. भाजी आणण्यापुरती. हिंदीसाठी हिंदीचा अभ्यास केलेलं माणूस घ्या, हिंदीचाही तेवढा मान ठेवा. मी झेकची अभ्यासक आहे."

प्रमुखांनी खांदे उडवले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. कंत्राट संपलं ते संपलंच. अरुंधती खोलीतली पुस्तकं घरी घेऊन आली, एकटीच मनसोक्त रडली, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर घेऊन येलिंकोवा आजींच्या दारात हजर झाली.

सासूबाईंनी तोंड फुगवलं. शाल-श्रीफळाचा प्रसंग मात्र अरुंधतीकडून दोनदा ऐकून घेतला. तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. बातमी तिथवर पोचली होतीच. "काय गं, सून आता घरीच म्हणे?"

अरुंधती दारातच थबकली.

"घरी कशाला बसतेय? झेकची पंडित आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण नोकरी?"

"नोकरी नाहीये. पंडित आहे म्हटलं ना!" सासूबाई कडाडल्या आणि त्यांनी फोन बंद केला.