आप्पांनी सही केलेला तुकडा

दौंडला चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेत होतो, तेव्हा तळेगाव ढमढेऱ्याहून फोन आला की शिवराम आप्पा गेले. दुकानदार समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होता. मी ती वाचली, रिक्षात बसलो, आणि मग कुठे डोक्यात शिरलं... खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी एक भलतंच मनात आलं. ती गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलो. याची मला लाज वाटते. पण पाच आठवडे झाले तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

सणसवाडीच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही उभी हयात बरोबर काढली. मी उत्पादनाला, आप्पा तपासणीला. म्हणजे मी करायचं आणि त्यांनी नाकारायचं, असा आमचा संसार. वहिनी शेवया करायला बसल्या की आप्पा जाडी मोजायला मायक्रोमीटर शोधत असतील, असं मी चारचौघांत म्हणायचो. ते हसायचे आणि माझा पुढचा तुकडा परत पाठवायचे. अशा आमच्या कारखान्याला एकदा देशाच्या दळणवळण उपग्रहाचं काम मिळालं. टीव्ही कंपन्यांना, बँकांना ज्याची क्षमता भाड्यानं द्यायची, असा तो कमाईचा उपग्रह. त्यात लहरी वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या असतात. त्या नळ्यांच्या सांध्यांचे तुकडे करायला आमच्याकडे आले.

यंत्रावरून उतरलेला तुकडा आप्पा कधी लगेच मोजत नसत. गरम धातू फुगलेला असतो, त्याचं माप खोटं असतं. म्हणून तो वीस अंशांच्या थंड खोलीत रात्रभर ठेवायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, लोणचं मुरायच्या आधी चव घेता व्हय? त्या मे महिन्यात नेमका त्या खोलीचा एसी बंद पडला. शेवटच्या खेपेची गाडी दारात उभी, मालकांचा तिसऱ्यांदा निरोप, आणि एक तुकडा उरलेला, यंत्रावरून नुकताच उतरवलेला. आप्पांनी तो तसाच मोजला. माप जेमतेम बसलं. त्यांनी सही केली.

गाडी गेल्यावर संध्याकाळी ते टपरीवर माझ्याजवळ आले. हात धुतलेले नव्हते. हे आठवतं, कारण हात न धुता ते कधी चहा घेत नसत.

“दत्तू, त्यो गार झाला की कमी भरणार. उद्या मी फोन करून सांगतो.”

मी सांगू दिलं नाही. पहिलंच एवढं मोठं काम होतं, नाव गेलं असतं. तिकडे शंभर चाचण्या होतात, चुकलं असेल तर तेच बाजूला काढतील, असं मी म्हणालो. चाचणीत सांधा धरेलही, आप्पा म्हणाले, पण वर त्याला वर्षानुवर्षं उन्हात तापायचंय आणि सावलीत गोठायचंय. “आन् सुटला, तर वर जाऊन आवळणार कोन?” मी म्हणालो, तुमच्या एका सहीपायी साठ घरांच्या चुली विझवू नका. हे वाक्य माझं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी फोन केला नाही, आणि त्यांना पटलं असं मी धरून चाललो.

उपग्रह उडाला तेव्हा कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला होता. पडद्यावर शास्त्रज्ञ एकमेकांना मिठ्या मारत होते, इकडे पेढे वाटले जात होते. आप्पांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. हाही मुरवणार का, म्हणून मी चिडवलं. ते हसले नाहीत. उठून तपासणीच्या खोलीत जाऊन बसले.

पुढे तो विषय कधी निघाला नाही. आप्पा निवृत्त झाले, कांदा करू लागले, मुलीचं लग्न झालं. बाजाराच्या दिवशी भेटलो की गुडघेदुखीवर बोलायचे. मला वाटलं, विसरले असतील... मी तर विसरलोच होतो. ते गेल्याचं कळेपर्यंत.

दहाव्याला मी आदल्या दिवशीच गेलो. सकाळी चहा देताना वहिनींनी टीव्ही लावला, आवाज बंद करून. सुतकातल्या घरात टीव्ही, मला जरा खटकलं. त्यातून वाहिनी तमिळ. कुणी बाई कढईत काहीतरी परतत होती. वहिनी पदरानं हात पुसत बाजेवर बसल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या.

“हे रोज सकाळी ह्येच लावायचे. भाषा कळत न्हाई, काय न्हाई. केबलवाल्याला बोलवून, कुठल्या उपग्रहावरनं काय येतंय ते इचारून लावून घेतलं. दवाखान्यात मला म्हनले, आता तू बघत जा, चित्र गेलं तर दत्तूला कळव. यात बघायचं काय आसतंय, भाऊजी?”

त्या सांध्याचं सांगायला हवं होतं. ज्या साठ घरांच्या आड मी लपलो, त्यांतली निम्मी आज कुठं आहेत तेही मला माहीत नाही, कारखाना कधीच बंद झाला. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, चित्र चांगलं येतंय, वहिनी.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला दौंडला माझा फोन वाजतो. पहिल्याच घंटेला मी तो उचलतो.

“चित्र हाय, भाऊजी,” वहिनी एवढंच सांगतात.

मी बरं म्हणतो.