वायोमिंगच्या कड्यावर एका नावाच्या शोधात

१९८६च्या जूनमध्ये मी मिशिगनमधल्या ट्रॉयहून वायोमिंगला गेलो, ते शेजारच्या सुलभामावशींसाठी. मावशी इतिहासाच्या प्राध्यापक. दहा वर्षं त्यांची दोन पुस्तकं चालली होती: एक एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेला गेलेल्या कुटुंबांवर, दुसरं त्याच वाटेने मागून आलेल्या तारायंत्रावर. आता त्यांचे डोळे दगा देत होते आणि पहिलं पुस्तक एलेन नावाच्या बाईपाशी अडलं होतं. तिची रोजनिशी आजारपणात, नेब्रास्कातच तुटते. पुढे वायोमिंगमध्ये एका कड्यावर वाटसरूंनी आपली नावं कोरलीत. तिथे तिचं नाव मिळालं, तर ती तिथवर जगली.

"ड्राइव्ह तू कर आणि वाचायचंही तूच," मावशी म्हणाल्या.

आय-८० हायवे धरला की चुकायला जागाच नाही. आयोवाभर मका, नेब्रास्कात आणखी मका. मोटेल तेव्हा वीसेक डॉलरला मिळे. शाकाहारी माणसाच्या नशिबी ग्रिल्ड चीज, म्हणून जाणाऱ्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावीच. मावशींना रोजनिशी तोंडपाठ होती. प्लॅट नदीकाठी म्हणाल्या, "स्लो घे. इथे तिचं बाळ गेलं."

तिसऱ्या दिवशी कडा गाठला. नावांवर नावं, त्यांवर हौशी प्रवाशांची नावं. दोन तास उन्हात शोधलं.

"प्रॉपरली चेक केलंस ना रे?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. "सापडलं, मावशी," मी म्हणालो आणि त्यांचा हात कुठल्याशा झिजल्या अक्षरांवर ठेवला.

"पोचलीस गं बाई," म्हणत त्या रडल्या. मला वाटलं, पुण्य केलं. परतीच्या वाटेवर मात्र मी एलेनचा विषय टाळत राहिलो.

महिन्याभराने, ट्रॉयला, त्या शेवटचं प्रकरण सांगत होत्या आणि मी कॉम्प्युटरवर उतरवत होतो.

"टाइप कर. एलेन त्या कड्यापर्यंत पोचली."

"मावशी, मी खोटं बोललो. नाव नव्हतं."

मला भयंकर लाज वाटत होती.

"मग तिचं काय झालं?"

"माहीत नाही."

"तेच टाइप कर."

पुस्तक त्याच वाक्यावर संपतं. मावशी पूर्वीसारख्याच जेवायला बोलावत राहिल्या. पण तारायंत्राच्या पुस्तकाचे कागद वाचून दाखवायला त्यांनी मला कधीच बोलावलं नाही.