माणूस मध्यभागी

सरकारी कचेऱ्यांची ब्रीदवाक्यं वाचायची खोड मला नॉर्वेत लागली. लग्नानंतरची दोन वर्षं आम्ही तिथे होतो. तिथल्या कचेऱ्यांच्या दारांवर तीन-चार शब्द ठरलेले: मोकळे, आदरशील, धीट, असलं काहीतरी. ती भाषा मी त्या पाट्यांवरूनच शिकले आणि भाबडेपणाने पाट्या खऱ्याही मानल्या. पुढे जर्मनीत आलो. पंधरा वर्षांत भाबडेपणा पार उतरला, वाचायची खोड तेवढी राहिली.

गेल्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आलेल्या असताना त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. सहा आठवडे विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. व्हिसा मात्र त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी संपत होता. तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. नवरा नेकारसुल्मला कारखान्यात, म्हणून मीच आईंना घेऊन परदेशी लोकांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, टेर्मीनशिवाय, म्हणजे आधी वेळ घेतल्याशिवाय, काही होणार नाही. ऑनलाइन पाहिलं तर पहिली वेळ पुढच्या महिन्यातली. मी सवयीने 'डांके' म्हणून मागे फिरले, आणि कशाबद्दल आभार मानले म्हणून स्वतःचाच राग आला.

आई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. अर्थ विचारल्याशिवाय एक शब्द पुढे जाऊ देत नाहीत. भिंतीवरच्या मोठ्या निळ्या अक्षरांकडे बोट करून त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, 'माणूस मध्यभागी', इथलं ब्रीदवाक्य आहे.

"मग ती खुर्ची मध्ये आणून ठेव," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चक्कर येतेय. मी घाईने खुर्ची आणली. त्यांनी ती आणखी दोन हात पुढे सरकवायला लावली, पदर सावरला आणि पॅसेजच्या बरोब्बर मधोमध बसल्या. लोक फायली सांभाळत दोन्ही बाजूंनी जाऊ लागले. मी लाजेने अर्धी झाले. आई, अहो, त्याचा अर्थ तसा नाही, असं मी दोनदा कुजबुजले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काउंटरवरच्या बाई बाहेर आल्या. ही बाहेर पडायची वाट आहे, इथे बसता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी ते सांगितल्यावर आईंनी शांतपणे मराठीत उत्तर दिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं: या काय म्हणतायत?

इतकी वर्षं मी सगळ्यांचं बोलणं धार काढून जर्मनमध्ये पोचवत आले. रागाचं 'कृपया' करायचं, तक्रारीची 'विनंती'. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं:

"त्या म्हणतात, पाटी खरी असेल तर माझा कागद घ्या. खोटी असेल तर पाटी काढा, मी लगेच उठते."

बाई क्षणभर पाटीकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातातली फाइल घेऊन आत गेल्या.

मुदतवाढीचा शिक्का मारलेला कागद हातात येईपर्यंत आई उठल्या नाहीत. मीही त्यांना उठा म्हटलं नाही.