अंगात आल्यावर विचारायचं असतं

भयकथा लिहायची खाज मला चाळिशीत सुटली. शाळेत शिकवते, घरी भाकऱ्या थापते, मग भुतं तेवढी दुसऱ्यांनीच का लिहावीत? माझ्या गोष्टीतली सून झपाटलेली होती. भरल्या घरात ती अचानक कन्नड बोलायला लागते आणि वाचणाऱ्याची बोबडी वळते, असा माझा बेत होता.

एका रविवारी बेळगावात, अनगोळच्या आमच्या घरात मी ते धाकट्या जावेला वाचून दाखवलं. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिला नोकरी मिळत होती, सोमवारी कळवायचं होतं, आणि आप्पा, म्हणजे आमचे सासरे, "न्हाय" म्हणून मोकळे झाले होते. मी लग्नाआधीपासून शाळेत, म्हणून सुटले. शाळा वेगळी अन् कारखाना वेगळा, असं आप्पांचं शास्त्र.

"कन्नड बोलती? मग?" जाऊ शेंगा निवडत म्हणाली. "आपण रोज भाजीवालीबरोबर कन्नडच बोलतोय की, आक्का."

झालं! बेळगावात भूत कन्नड बोललं तर घाबरणार कोण? चिडून मी त्याला तिथल्या तिथं इंग्रजी बोलायला लावलं.

"इंग्लिश मीडियमचं हाय व्हय?" बाहेरच्या सोप्यातून आप्पांचा आवाज आला. पेपर वाचायचं सोंग करून म्हातारा सगळं ऐकत होता! माझं डोकंच फिरलं. मी वही मिटली.

"पर तिला पायजे काय असतंय?" जावेनं विचारलं.

"सूड!"

"कुणी विचारलं का तिला?"

"भुताला काय विचारायचं गं?"

"आमच्या गावात आधी तेच विचारत्यात. अंगात आलं की म्होरं नारळ ठेवायचा, हात जोडायचे, कोण हाईस, काय पायजे म्हणायचं. अन् सांगितलं की द्यायचं."

 एवढं बोलून तिनं सूप बाजूला ठेवलं, केसांचा चाप काढला आणि तरातरा सोप्यात जाऊन आप्पांसमोर घुमायला लागली. केस मोकळे, डोळे वटारलेले. आप्पांच्या हातातला पेपर खाली पडला. चटकन हात जोडून ते म्हणाले, "कोण हाईस, आई? काय पायजे तुला?"

घुमणं थांबलं.

"तुमची धाकटी सून. नोकरी पायजे."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला मी.

"अगं, मग सरळ विचारायचं न्हाय व्हय?" आप्पा ओशाळून म्हणाले. "केसं कशाला सोडलीस?"

"केसं बांधून तीनदा विचारलं, आप्पा."

आप्पांनी पेपर उचलला, उगाच घडी घातली. "जा," एवढंच म्हणाले.

माझं हसू तिथंच विझलं. लाज वाटली मला. तिन्ही वेळा मी तिच्या शेजारी भाकऱ्या थापत होते, आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं.