चारशे वेढे

माझा दादा जळालेले पंखे दुरुस्त करतो. जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची. चारशे वेढे म्हणजे चारशेच, मोजणी चुकली की पंखा तापलाच. आणि हे काम पत्करलं कुणी, तर ज्याच्या पायाला जन्मापासून भिंगरी त्यानं! लहानपणी साखर आणायला पाठवलं तर हा कुत्र्याशी गप्पा मारून रिकाम्या हातानं परत. मग बाबांचा मार. चुगली करायला मी होतेच.

विशीत त्याला शोध लागला, की दोन घोट पोटात गेले की डोक्यातला बाजार उठतो आणि वेढे चुकत नाहीत. दोन घोटांची बाटली झाली. वहिनी कंटाळून माहेरी गेली. दारूनंच त्याचं डोकं भिरभिरतं, असं आम्ही सगळे धरून चाललो. "लाज कशी वाटत नाही तुला?" हे माझं पेटंट वाक्य.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी मात्र उलटं विचारलं, "पहिल्या घोटाआधी लक्ष कुठे असायचं?"

"असायचंच कुठे, बाई!" दादा म्हणाला.

मग तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही. लहानपणापासूनचं आहे. दारूत तुम्ही त्यावरचं औषध शोधत होतात." सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्याला कुणी आळशी म्हटलं नव्हतं. तो तिथंच रडला. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

औषधं सुरू झाली. चाळीस दिवस थेंब नाही, पण तारेलाही हात नाही. "मोजताना चुकलो तर पुन्हा पिईन, चिमे," म्हणायचा.

काल अखेर तार गुंडाळायच्या यंत्रापाशी बसला. मी समोर. दर पन्नास वेढ्यांना तो "हं" म्हणायचा, मी ताटलीत एक बटण टाकायचे. सहा बटणं पडली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, दादानं मान वळवली, हँडल मात्र फिरतच राहिलं.

"किती झाले गं?"

मलाही ठाऊक नव्हतं. आता सगळी तार उलगडायची. त्याचा हात टेबलाच्या खणाकडे गेला, जिथे बाटली असायची. खण मीच रिकामा केला होता. माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलंच होतं.

"चुकलो," तो म्हणाला.

"मग काय झालं? उलगड ती तार." मी बटणं डबीत ओतली आणि माझी खुर्ची जवळ ओढली. "या वेळी मीही मोजते. एक."

त्यानं थोडं सरकून मला जागा केली. मग तार उलगडली, हँडल धरलं.

"दोन," तो म्हणाला.