मंगरू ढिवराचे पंखे

मंगरू ढिवराने पाण्यात पोहण्यासाठी पायाचे पंखे केले, तेव्हा गोरेगावच्या बाजारापर्यंत हसू पोचलं. लहानपणच्या तापात त्याचा डावा पाय वाळला होता. बुडी मारली की तो एका जागी गोल फिरे. म्हणून त्याने फाटक्या मोटेचं चामडं बांबूच्या कामट्यांवर ताणून शिवलं आणि सुपाएवढे दोन पंखे पायांना बांधले. ते घालून ऐटीत तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, निघाला तो चार पावलांतच तोंडावर आपटला. पाण्यात शिरल्यावर गुडघे दुमडून असा काही बडवू लागला की नुसता फेस!

थोरला भाऊ शालीकराम पाळीवर लोळून हसला. "काऊन रे मंगरू, ताक घुसळून राहिला का?"

"हास, दादा. तुले पाण्यात धरूनच दाखवतो एक दिवस!"

मंगरू हट्टी. पाय मांडीपासून सरळ ठेवून सावकाश हलवला तरच पंखा पाणी ढकलतो, हे कळायला त्याला अख्खा उन्हाळा लागला. तोवर सारी मासळी घाबरून पलीकडच्या काठाला गेली, असं शालीकराम सांगत असे.

शालीकराम गावाचा बुडीवाला. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की तलावाच्या तळाशी जाऊन तुडुमाचा, म्हणजे शेतांना पाणी सोडायच्या दगडी तोंडाचा, लाकडी बोळा काढायचं काम त्याचं. बत्तीस सालच्या आश्विनात तो असाच खाली गेला आणि वर आला नाही.

तुडुमाजवळ बुडालेल्या झाडांची खोडं होती. जाळी टाकली, ती फाटली. दोघे उतरले, तळ गाठायच्या आत दम संपून परत आले. प्रेत वर येईपर्यंत ढिवरपुऱ्यात चूल पेटवायची नाही, अशी रीत. शालीकरामची बायको अनुसयाबाई पाळीवर बसून होती, डोळे कोरडे.

मंगरूने कमरेला विळा खोचला, पंखे बांधले. तो पाण्यात शिरला.

पहिल्या बुडीत त्याला धीर राहिला नाही. पाय जोरात झाडले आणि तळचा गाळ उठला. हाताला नुसता चिखल. तो धापा टाकत वर आला.

"घाई नोको करू," अनुसयाबाई म्हणाली. "आता त्याले कुठी जायाचं आहे?"

गाळ बसेपर्यंत तो काठाला धरून थांबला. मग डोकं खाली, पाय लांब. गढूळ उजेडात दगडी तोंड दिसलं. शेजारच्या खोडात जुनं जाळं गुरफटलं होतं आणि जाळ्यात शालीकरामचा पाय. बोळा अजून त्याच्या मुठीत होता. मंगरूने विळ्याने जाळं कापलं, भावाला काखेत घेतलं आणि पंख्यांच्या संथ लाटांवर वर आणलं.

चौघांनी प्रेत उचलून पाळीवर निजवलं. मंगरू तिथेच उथळ पाण्यात बसला. भिजून चामड्याच्या गाठी आवळल्या होत्या आणि त्याची बोटं चालत नव्हती.

अनुसयाबाई उठली. ती पाण्यात उतरली आणि त्याच्या पायापाशी बसली.

"नोको, वयनी," मंगरू कळवळला. थोरल्या वहिनीने दिराच्या पायाला हात लावायचा नसतो.

"चूप राय."

तिने दातांनी गाठी सोडल्या. दोन्ही पंखे पाळीवर नीट ठेवले. मग नवऱ्याजवळ गेली, त्याच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसला, आणि तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला.