मंगळवारची रांग

“डॉक्टर, माझं ताट आता पडवीत असतं,” सुनंदा म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. छत्री एस्टीत विसरल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत माझा त्वचारोगांचा दवाखाना होता. सुनंदा पूर्णगडच्या अलीकडच्या एका गावातली. नवरा मुंबईत गोदीत, घरी सासू आणि चार वर्षांची मुलगी. मेच्या अखेरीस ती पहिल्यांदा आली तेव्हा कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात लाल, जाड चट्टे होते. वर चंदेरी पापुद्रा.

निदान अवघड नव्हतं. चट्टा हलकेच खरवडला की मेणासारखा पांढरा भुगा पडतो आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. हा सोरायसिस. त्वचा फार वेगाने तयार होते आणि साचत जाते. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण तिच्या मनात दुसरीच भीती होती, म्हणून मी तिला डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्याला टेकवली.

“कळतं का?”

“कळतंय की. गुदगुल्या होतात.”

महारोगाच्या चट्ट्याला सहसा स्पर्श कळत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती हसली.

चूक पुढे झाली. डांबराचं मलम किती आणि कसं लावायचं हे शिकवायला वेळ लागतो. इतर दिवशी गर्दी. मंगळवारी दुपारी मी महारोगाच्या रुग्णांना मोफत गोळ्या देत असे. आठ-दहा माणसं बाकावर न बोलता बसलेली असत. ती गेली की मी मोकळा. म्हणून सुनंदाला म्हणालो, “तू मंगळवारी येत जा.” तिच्या सोयीसाठी म्हणालो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. सोय माझी होती.

ती सहा मंगळवार त्या बाकावर बसली. सातव्या खेपेला ताटाचं सांगितलं.

“आणि मुलगी?”

“सासूजवळ निजते. माझ्याकडं यायला लागली की मागं बोलवतात.” भाताच्या लावणीलाही तिला कुणी हाक मारली नव्हती.

मी महारोग नसल्याचं सर्टिफिकेट लिहून दिलं. सासूने ते चुलीत घातलं. मग रविवारी मीच गेलो. बायको-मुलं शाळेसाठी पुण्याला होती. रविवारी माझी वाट बघणारं तसंही कुणी नव्हतं.

ओटीवर शेजारपाजारचे पाच-सहा जण जमले.

“मंगळवारी तुमच्याकडं कोण बसतात ते अख्ख्या एस्टीला ठाऊक हाय,” सासू म्हणाली.

“चूक माझी आहे. मी बोलावलं म्हणून ती आली.”

“मग तुमीच निस्तरा.”

मी कापूस काढला. सुनंदाने डोळे मिटले. दर वेळी तिने बरोबर जागा दाखवली. शेजारची म्हातारी पाय पुढे करून म्हणाली, “माझ्या टाचंला लावा. मेलं तिथं काट्यानं सुदीक कळत नाय.” लोक हसले.

त्या हसण्याने मला जोर आला. मी मोठ्याने म्हणालो, “हिला तो रोग नाही. असता तर मीच हिला वेगळं ठेवायला सांगितलं असतं.”

हे खोटं होतं. गोळ्या नियमित घेणाऱ्याला वेगळं ठेवायची गरज नसते, हे मी दर मंगळवारी त्याच तोंडाने सांगत होतो. पण वाक्य लागू पडलं. सासू जरा थांबली आणि म्हणाली, “जा गो, चाय ठेव. गूळ फडताळात हाय.” सुनंदा आत गेली. तिच्यामागोमाग मुलगी गेली. कुणी तिला मागे बोलावलं नाही.

तेव्हा मला पायरीवर बसलेला माणूस दिसला. तो माझा मंगळवारचा रुग्ण होता. त्याचा गोळ्यांचा कोर्स निम्मा झाला होता. दवाखान्याबाहेर आम्ही एकमेकांना ओळख देत नसू, तोच रिवाज होता. त्याने खाली पाहिलं. मी चहा प्यायलो.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्याही पुढच्या नाही. पत्र पाठवलं असतं तर गावात फुटलं असतं. मी पुन्हा गेलो असतो तर सगळ्यांनी पाहिलं असतं. ही कारणं खरी होती. ती मला बरीही वाटत होती.

दोन वर्षांनी तो एका गुरुवारी आला. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेली. एक विडीने पोळलेलं, त्याला ते कळलंही नव्हतं.

“गोळ्या का सोडल्यास?”

“बायको होती त्या दिवशी ओटीवर. तुमी बोललात ते तिनं ऐकलं. मग घरात गोळ्या ठेवू कुठं?”

मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. रोग थांबला. बोटं सरळ झाली नाहीत.

मंगळवार मी बंद केला. सगळे रुग्ण सगळ्या दिवशी येऊ लागले, सगळ्यांनाच जास्त वेळ थांबावं लागलं. एका रुग्णाची बाजू घेताना शेजारी कोण बसलंय ते आधी बघावं, एवढंच मी यातून शिकलो. ते शिकायला दुसऱ्याची बोटं लागली.

सुनंदाचे चट्टे थंडीत परत येत. ती मलम न्यायला येई आणि दर वेळी म्हणे, “डॉक्टर, तुमच्यामुळं मी घरात हाय.” मी मान हलवून पुढचा पेशंट बोलावत असे.